रात्री कुणाला मोजायचं?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)



28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशभर एक वेगळी शिरगणती झाली. ज्यांना दारच नाही, त्यांची. फुटपाथ, फलाट, उड्डाणपुलाखालची जागा, देवळांचे ओटे, इतकंच काय, रस्त्याकडेला पडलेले ह्यूम पाइपसुद्धा प्रगणकांनी वाकून बघायचे होते. त्या रात्री देशात 17 लाख 73 हजार बेघर सापडले, त्यांतले सुमारे 57 हजार मुंबईत. जे त्या वेळी लग्नाच्या हॉलमागे भांडी घासत होते, ते कसे सापडले असतील, हे मला अजून कळलेलं नाही.

आता पैशाकडे येतो. अन्नहक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं, शहरात लाख वस्तीमागे बारमाही, चोवीस तास उघडा असा एक निवारा हवाच. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच धरून निधी ठेवला. लाखामागे शंभर जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट. हिशेब करून बघा. 2011 ची मुंबई सव्वा कोटीची, म्हणजे साडेबारा हजार जागा. आणि मोजलेली माणसं 57 हजार! निकष शहराच्या एकूण वस्तीवर लावला, उघड्यावर झोपणाऱ्यांवर नाही. बरं, तेवढं तरी उभं राहिलं का? काम इतकं रखडलं कशामुळे आणि निधीचं झालं काय, हे तपासायला 2016 मध्ये न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

तरीही निव्वळ पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. एका शहरातलं निवारा केंद्र मी पाहिलंय. स्वच्छ, पंखे चालू, खाटा ओळीने मांडलेल्या आणि निम्म्या रिकाम्या. बाहेर चौकात भेटलेल्या हमालाला विचारलं, "दादा, आत का जात नाही?" तो म्हणाला, "पहाटे तीनला मार्केट यार्डात गाडी लागते. इथून मला कोण नेणार? आणि बायकोला कुठं ठेवू?" निवारा पुरुषांचा होता. जागा महापालिकेची, रिकामी होती, म्हणून तिथे झाला. माणूस कामाजवळ झोपतो, ही साधी गोष्ट मुंबईच्या फुटपाथवासीयांनी 1985 सालीच न्यायालयाला पटवून दिली होती. ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. फुटपाथ मात्र वाचला नाही. पावसाळा उलटेपर्यंत हटवू नका, एवढीच सवलत मिळाली.

अमेरिकेचा दाखला मी जपूनच देतो, तिथेही तंबूंच्या रांगा आहेतच. पण एक रीत घेण्याजोगी आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने अट घातली, की एका भागातल्या सगळ्या संस्थांनी मिळून एकच आराखडा, एकच अर्ज करायचा. पुढे जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत स्थानिक लोकांनीच मोजणी करायची, हेही ठरलं. ह्यूस्टनने हे मनावर घेतलं. चर्च, महापालिका, दवाखाने, घरमालक, शंभरेक संस्था एका यादीवर आल्या. आधी घराची किल्ली द्यायची, दारू सोडवणं, औषधोपचार, नोकरी हे सगळं नंतर. 2011 नंतरच्या दशकभरात पंचवीस हजारांवर माणसं घरात गेली, बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली.

आपल्याकडे एकच संस्था तीन ठिकाणी तीन अर्ज करते आणि शेजारच्या संस्थेला त्याचा पत्ता नसतो. मीही त्यात होतो, कबूल करतो. अनुदानाच्या कागदावर रकाना होता 'खाटांची संख्या'. आम्ही तो इमानाने भरला. तो हमाल कुठल्या रकान्यात बसतो, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

आज रात्री घरी जाताना स्टेशनवरून जाणार असाल, तर जिन्याखाली जरा बघा. गाठोडं उशाला घेऊन निजलेल्या माणसाला उठवू नका, त्याला पहाटे गाडी गाठायची असेल.