व्यसनमुक्ती : औषधोपचार आणि समुपदेशन यांची सांगड



देहू आणि भंडाऱ्याचा डोंगर यांच्या सान्निध्यात वसलेल्या मावळ तालुक्यात दारू सोडण्याचा एक जुना आणि आदरणीय मार्ग आहे. तो म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणे. माळ घातलेल्या माणसाने मद्यमांस वर्ज्य करावयाचे असते आणि गावही त्याच्या व्रताचा मान राखते; त्याला कोणी आग्रह करीत नाही. व्यसनमुक्तीच्या शास्त्रीय उपचारांचा विचार करताना या परंपरेला कमी लेखण्याचे कारण नाही. स्वतःचा निर्धार, चारचौघांची साक्ष आणि सज्जनांची संगत या तीन गोष्टी तिने फार पूर्वीच एकत्र आणल्या. आधुनिक समुपदेशन तरी याहून फार वेगळे काय करू पाहते?

परंतु या मार्गात एक धोका दडलेला आहे आणि तो मनाचा नसून शरीराचा आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती गुंगी सतत मागे ओढीत असल्यामुळे मेंदू अधिक जोराने चालू लागतो. अशा माणसाने एका सकाळी एकाएकी दारू बंद केली, की मागे ओढणारी शक्ती नाहीशी होते आणि मेंदूचा वेग तेवढाच राहतो. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, क्वचित त्यानंतरही, काही रुग्णांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, वेळकाळाचे भान सुटते. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. मग रुग्णाला देवऋषाकडे नेले जाते, किंवा कोणी जाणता मनुष्य त्याला पुन्हा दोन घोट पाजतो आणि लक्षणे ओसरलेली पाहून "दारू सोडणे याला मानवत नाही" असा निष्कर्ष काढला जातो. ही बाधा नव्हे आणि निर्धाराचा अभावही नव्हे. हा वैद्यकीय आणीबाणीचा प्रसंग आहे. उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यू येऊ शकतो.

येथे औषधाचे पहिले काम सुरू होते. डॉक्टर क्लोरडायाझेपॉक्साइडसारखे औषध योग्य मात्रेत देऊन मेंदूचा वेग आवरतात आणि सुमारे आठवड्याभरात ती मात्रा उतरवीत नेऊन बंद करतात. यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपामसारखे दुसरे औषध निवडावे लागते. त्यासोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने दिले जाते. खेडोपाडी अशक्त माणसाला सलाईन लावण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून याबाबत थोडे अधिक सांगणे अगत्याचे ठरते. पोटात अन्न नाही आणि केवळ दारू आहे अशा अवस्थेत महिनोन्महिने काढलेल्या रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढविले, तर शरीरातील उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच रुग्ण किती व किती वर्षे पितो, हे डॉक्टरांपासून लपविणे घराच्या अब्रूसाठी केलेले असले तरी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

शरीरातील दारू उतरली म्हणजे व्यसन सुटले, असे मात्र नाही. खरे काम तेथून पुढे आहे. पुन्हा पिण्याची ओढ महिनोन्महिने टिकते आणि तिच्यासाठीही औषधे आहेत. डॅनिश संशोधक हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ साली डायसल्फिरॅम या द्रव्याचा मद्यविरोधी गुण प्रसिद्ध केला. ही गोळी घेतलेल्या माणसाने मद्य घेतले, तर मद्याचे विघटन अर्ध्यावर अडते, चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, ओकारी येते, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यानंतरही सुमारे दोन आठवडे हा परिणाम संभवतो. नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूतून मिळणारा आनंदच फिका करते. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करते. गर्द किंवा अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन देऊन रुग्णाला स्थिर ठेवले जाते.

डायसल्फिरॅमच्या बाबतीत एक अनिष्ट प्रथा बोलून दाखविली पाहिजे. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलून अनेक गृहिणी भाजी-आमटीत पूड मिसळतात. त्यांची अगतिकता समजण्यासारखी आहे. दोष असलाच तर तो पूड विकणाऱ्यांचा आहे. त्या पुडीत हे द्रव्य असेल आणि नवऱ्याने त्या रात्री नेहमीप्रमाणे प्याली, तर दुबळ्या हृदयाच्या माणसाला ते सोसणार नाही. गोळी काय करते, हे ठाऊक असणे हाच तिच्या उपयोगाचा पाया आहे. रुग्णाने समजून-उमजून, पत्नीच्या किंवा आईच्या समोर सकाळी ती घ्यावी; त्या दिवसापुरता पिण्याचा प्रश्न मिटतो. नकळत दिलेली गोळी केवळ घात करते आणि कळल्यावर घरातील उरलासुरला विश्वासही नाहीसा होतो.

या कळण्याच्या, कबूल होण्याच्या कामातच समुपदेशनाचे स्थान आहे. लोणावळ्यातील उपाहारगृहात रोज रात्री पर्यटकांचे पेले भरणारा वाढपी, घाट चढून आलेला मालमोटारीचा चालक, जमीन विकून हाती एकदम पैसा आलेला आणि काम मात्र नाहीसे झालेला शेतकरी, या तिघांच्या पिण्याची निमित्ते निराळी आहेत. औषध तिघांना एकच दिले जाईल; बोलणे एकच असून भागणार नाही. वाढप्याला कदाचित पाळी किंवा कामच बदलावे लागेल, चालकाला मुक्कामाचे ठिकाण बदलावे लागेल, शेतकऱ्याला दिवस कशाने भरावयाचा हे ठरवावे लागेल. एकवीरेची जत्रा, घरची हळद, पगाराचा दिवस, जुन्या मित्राचा फोन, या प्रत्येक प्रसंगी काय करावयाचे याची तयारी आधी करून घेणे हे समुपदेशकाचे काम होय.

हे काम केवळ मोठ्या तज्ज्ञांनीच करावे असेही नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना थोड्या भेटींत समुपदेशन देऊन पाहिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष या अवस्थेतून बाहेर आले होते. मात्र हे पुरुष मद्यावर पूर्णतः अवलंबून झालेले नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे. ज्यांचे शरीरच दारूला बांधले गेले आहे, त्यांना नुसत्या शब्दांवर सोडता येत नाही.

औषध आणि संवाद यांची सांगड पुणे जिल्ह्यात प्रत्यक्षात आणली ती मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. गर्दच्या व्यसनाने तेव्हा शहरातील तरुणांना ग्रासले होते. तेथील उपचारक्रमात रुग्ण प्रथम डॉक्टरांच्या देखरेखीखाली शारीरिक त्रासातून, रुग्णांच्या भाषेत 'टर्की'तून, बाहेर येतो. मग गटचर्चा, श्रमदान, योग आणि वैयक्तिक समुपदेशन यांचा क्रम लागतो. व्यसनमुक्त झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात. पत्नींसाठी 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे. नवऱ्याच्या पिण्याचा दोष वर्षानुवर्षे स्वतःकडे घेणाऱ्या स्त्रीला तेथे प्रथमच कोणी ऐकून घेते. या गटाचे मोल कोणत्याही गोळीहून कमी मानता येणार नाही.

योगाबद्दलही येथेच बोलणे योग्य होईल, कारण लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम आहे आणि योगाने सारी व्यसने सुटतात, असा समज या परिसरात बाळगला जातो. आसने व प्राणायाम यांनी झोप सुधारते, मनाची तगमग शमते. पण आकडी येऊ घातलेल्या रुग्णाला प्राणायामास बसविणे हा कुवलयानंदांच्या शास्त्रीय दृष्टीचाही अवमान ठरेल. योगाची वेळ त्यानंतरची.

सर्वांत नाजूक काळ म्हणजे केंद्रातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही महिने. "आता बरा झालास, मग गोळ्या कशाला? एक व्यसन सोडून दुसरे धरलेस काय?" असे शेजारी म्हणतात, कधीकधी स्वतः दारू सोडलेला सोबतीही म्हणतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला असे कोणी विचारीत नाही. गोळी केव्हा थांबवावयाची हे डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून ठरवावे. आणि मध्येच एखादे दिवशी पाय घसरला, तर लाजेने तोंड लपविण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी लोकल गाडी पकडून पुण्याला पाठपुराव्याच्या भेटीस जाणे श्रेयस्कर.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींमागे एकीलाच काही उपचार मिळाला होता. उपचार घेतल्यास पोलीस मागे लागतील, ही भीतीही त्यामागे असते. दारूच्या रुग्णाने उपचार घेणे हा गुन्हा नाही; अमली पदार्थांच्या रुग्णासाठीही १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ मध्ये, स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनाच्या व अल्प मात्रेच्या गुन्ह्यांबाबत खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. पहिली विचारपूस घरबसल्या करावयाची असल्यास केंद्र शासनाच्या व्यसनमुक्ती साहाय्य सेवेचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दूरध्वनी रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. पत्नी, आई किंवा मुलगाही तो करू शकतो.