दहा गुंठे बाजारासाठी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो. कापूस विकला की येतो आणि देणी भागवता भागवता होळीपर्यंत संपतो. मीठ-मिरची, एस.टी.चे भाडे, दवाखाना मात्र दर आठवड्याला लागतो. वर्षाला येणारा पैसा आणि आठवड्याला लागणारा पैसा, यांच्या मधल्या खिंडीत सावकार बसलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की ज्याच्या विहिरीला दिवाळीनंतरही पाणी राहते, त्याने कपाशी-ज्वारीतून दहा गुंठे काढून आठवडी बाजारासाठी करावेत.

मी हे चुकून शिकलो. पहिल्या वर्षी पाच गुंठे मेथी एकाच दिवशी पेरली. महिन्याने सगळी एकदम आली. बाजारात नेली तर आणखी चौघांची मेथी तिथे हजर. दुपारपर्यंत जुडीचा भाव निम्म्यावर आला, उरलेली संध्याकाळी बैलांपुढे टाकली. दोष मेथीचा नव्हता. कपाशी लावावी तशी मी मेथी लावली होती.

मेथी, पालक महिन्यात येतात, कोथिंबीर साधारण चाळीस दिवसांत. म्हणून सहा गुंठ्यांचे सहा तुकडे करा आणि दर आठवड्याला एकच पेरा. सातव्या आठवड्याला पहिला तुकडा पुन्हा मोकळा. उरलेल्या चार गुंठ्यांत वांगी आणि भेंडी-गवार, म्हणजे तोडा चालू राहतो.

पाण्याचा हिशेब आधी करा. दहा गुंठे म्हणजे सुमारे १००० चौरस मीटर. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर ५००० लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. विहीर तेवढे देत नसेल तर चारच गुंठे करा. कर्ज काढून बोअर मारू नका.

२०१६ साली राज्यात फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला. माल बाजार समितीच्या आवारातच नेण्याचे बंधन उरले नाही. खाणावळ, दुकानदार, गिऱ्हाईक, कुणालाही थेट विका.

वही ठेवा. बियाणे, खत, भाडे, बाजाराची पावती लिहा आणि घरच्या बाईची मजुरीही लिहा. ती खुरपते, पहाटे उठून जुड्या बांधते. तिची मजुरी न धरता दिसणारा नफा हा नफा नव्हे, तिचा बुडवलेला रोज आहे.

याने कापसाच्या भावाचा प्रश्न सुटत नाही. चार एकरांचा तोटा दहा गुंठे भरून काढणार नाहीत. पण आठवड्याला चार पैसे येत असतील, तर पहिल्या वेचणीचा कापूस पडेल भावात व्यापाऱ्याच्या काट्यावर घालावा लागणार नाही. थांबायची ताकद येते, आणि ती आजवर आपल्याकडे नव्हती.

येत्या बाजाराला काही विकू नका. वही घेऊन फिरा. कोणती भाजी बाहेरगावच्या टेम्पोतून येते, किती येते, किती वाजता संपते, ते लिहा. त्यातली जी आपल्या रानात येते, तीच पहिल्या तुकड्यात पेरा.