पंचनामा गर्दीपासून झाकावा, माहेरापासून नाही



बचतीचा हिशोब झाला, हप्त्यांचं बोलून झालं. आता एक जड विषय. गावात एखादी लेकबाळ अचानक जाते. कुणी म्हणतं विहिरीवर पाय घसरला, कुणी म्हणतं फवारणीचं औषध पोटात गेलं, कुणी म्हणतं स्टोव्हचा भडका उडाला. आणि लगेच कुणीतरी सांगतं, "घरची इज्जत आहे, बोभाटा नको. लवकर माती उरकून घ्या."

मग अशा मरणाचा पंचनामा बंद दाराआड व्हावा, का उघड्यावर?

झाकून करा म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. अंगणात शंभर माणसं जमतात. पोरं मोबाईल काढतात, आणि संध्याकाळपर्यंत फोटो तालुकाभर फिरतो. मेल्यावरही बाईची अब्रू तिचीच असते. मागं राहिलेल्या लेकरांनी तो फोटो का बघावा? म्हणून गर्दी हटवलीच पाहिजे, आडोसा केलाच पाहिजे.

पण सगळ्यांनाच बाहेर काढलं, तर आत कोण उरतं? सासरची माणसं आणि त्यांनीच बोलावलेले पंच. अंगावरचा वळ कुणाला दिसला, कुणाला नाही, हे मग कोण सांगणार? आणि एकदा माती झाली की ती खूण परत बघता येत नाही.

कायद्यानं इथं मधला रस्ता ठेवला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १९४ प्रमाणं अशा मरणाची खबर मिळाली की पोलिसांनी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, जागेवर जायचं आणि आसपासच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृत्यूचं दिसणारं कारण आणि अंगावरच्या जखमा, वळ लिहून काढायचे. तो अहवाल २४ तासांत वर पाठवायचा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली, किंवा तिच्या मरणाबद्दल संशय असला, तर दंडाधिकाऱ्यांनी स्वतः चौकशी करायची. त्या सात वर्षांत मरण कसंही आलेलं असो, नातेवाइकानं मागणी केली तरी देह शवविच्छेदनाला पाठवायचा.

आणि कलम १९६ नीट ऐका. दंडाधिकाऱ्यांची चौकशी असेल तेव्हा, शक्य असेल तिथं, नातेवाइकांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं. नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलं, भाऊ, बहिणी आणि नवरा. म्हणजे माहेरची माणसं तिथं कुणाच्या मेहरबानीनं उभी राहत नाहीत, हक्कानं राहतात.

मुंबईत पूर्वी अशा मरणांसाठी कोरोनरचं वेगळं न्यायालय होतं. ते १९९९ मध्ये बंद झालं. इंग्लंडमध्ये आजही कोरोनरची सुनावणी साधारणपणे लोकांसमोर होते. आपल्या जालना जिल्ह्यात, अंबड असो की मंठा, तसं न्यायालय नाही. पहिली नोंद पोलिसांची आणि समोर उभ्या असलेल्या पंचांची. म्हणून ते पंच कोण आहेत, याला फार मोल आहे.

कायदा "रहिवासी" म्हणतो, पुरुष म्हणत नाही. मग पंच म्हणून बाई का नको? बाईच्या देहावरच्या खुणा बघायला बाईच असलेली बरी. तिची अब्रूही राहते आणि नजरही चुकत नाही. पुढं कोर्टात साक्षीला जावं लागू शकतं, हे खोटं सांगणार नाही. पण पोलिसांच्या या चौकशीसाठी बाईला तिच्या राहत्या जागेवरून दुसरीकडं बोलावता येत नाही, हेही कलम १९५ मध्ये आहे.

तर प्रत्येक ग्रामसंघानं एवढं ठरवून घ्यावं:

खबर लपवायची नाही. पोलीस पाटलांना सांगा, नाहीतर ११२ लावा.

माहेरी लगेच फोन करा. ते येईपर्यंत मातीची घाई होऊ देऊ नका.

पंच व्हायला तयार असलेल्या दोन बायांची नावं आधीच ठरवून ठेवा आणि पोलीस पाटलांना कळवा. घेणं न घेणं पोलिसांच्या हातात आहे, पण मागणी आपण करायची.

पंच झालात तर वाचल्याशिवाय सही नाही. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून घ्या. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

फोटो काढणाऱ्याचा मोबाईल खाली करायला लावा.

एक सांभाळा. आपलं काम बघायचं आणि खरं सांगायचं, निकाल द्यायचा नाही. खरंच पाय घसरलेला असू शकतो. तसं असेल तर चार डोळ्यांसमोर झालेला पंचनामा सासरच्या माणसांवरचा संशयही पुसून टाकतो. खोट्या आळापासून त्यांनाही तोच वाचवतो.

बैठकीच्या वहीत आपण दहा रुपयांचीही नोंद दोघींच्या सहीनं करतो. एका बाईच्या जिवाची नोंद त्याहून कच्ची का असावी?