मायक्रोफोन नेमका कोठे ठेवावा?



आजचा विषय पत्रिकेत वाचून आपणांपैकी कित्येकांनी नाके मुरडली असतील. विजेच्या गिटारीचा गोंगाट तो काय, आणि तो टिपण्याचे शास्त्र ते काय! परंतु हा गोंगाट टिपताना बोटभर अंतराने केवढा फरक पडतो, हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे.

या गिटारीचे लाकूड स्वतः फारसे बोलत नाही. तारेच्या कंपनाने लोहचुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि अखेर कर्ण्याचा कागदी शंकू थरथरतो, तेव्हा कोठे आवाज जन्मास येतो. मग तार सरळ मुद्रणयंत्रासच का जोडू नये? जोडून पाहावी! विशेषतः आवाज फाडून वाजवीत असतील, तर गांधीलमाशीची घोंघों कानी येईल. गिटारीचा कर्णा सेकंदाला सुमारे ५००० कंपनांपलीकडचे फारसे बाहेर सोडीतच नाही. ही गाळणी आवाजाला हवीच असते. कर्णा हा वाद्याचाच अवयव समजावा.

हा शंकू बहुधा १२ इंच व्यासाचा असतो आणि सगळीकडे सारखा बोलत नाही. मध्यावरच्या टोपीसमोर मायक्रोफोन धरला, तर आवाज तीक्ष्ण, झगझगीत येतो. कडेकडे सरकवावा तसतसा तो मवाळ आणि भरदार होतो. १९६५ साली निघालेला शुअर कंपनीचा एसएम ५७ हा मायक्रोफोन आजही या कामी जगभर वापरतात. तो जाळीच्या कापडापासून दोन-तीन बोटांवर ठेवण्याची रीत आहे. इतक्या जवळून खर्ज फुगतो. आमच्यासमोरच्या या मायक्रोफोनला ओठ लावून बोललो, तर आमचाही आवाज असाच भारदस्त होईल. काही वक्त्यांना हे गुपित चांगले ठाऊक असते!

मात्र जवळच्या मायक्रोफोनला खोली ऐकू येत नाही. १९६८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपेलिनची पहिली तबकडी मुद्रित झाली. त्या वाद्यवृंदाचा गिटारवादक जिमी पेज एक मायक्रोफोन जवळ आणि दुसरा दूर ठेवण्याचा मोठा पुरस्कर्ता होता. दूरच्या मायक्रोफोनात भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो आणि ऐकणाऱ्यास खोलीची खोली कळते. (हा श्लेष आमचा नव्हे, भाषेचा.)

पण दोन मायक्रोफोन आले की भांडण आलेच. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. दोघांच्या अंतरात ३४ सेंटिमीटरांचा फरक असेल, तर दुसऱ्याकडे तो एक सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. आता ५०० कंपनांचा स्वर घ्या. त्याचे एक आवर्तन दोन सहस्रांश सेकंदांचे. म्हणजे एकीकडे लाट चढते तेव्हा दुसरीकडे ती उतरत असते. दोन्ही आवाज सारख्या जोराने मिसळले, तर तो स्वर गळून पडतो. १५०० आणि २५०० कंपनांचीही हीच गत. वादक जीव ओतून वाजवतो आणि मुद्रणात त्याचा आवाज पोकळ डबा होतो! यावर एक जुनी युक्ती आहे. एका मायक्रोफोनची विद्युत्दिशा उलटवावी, आवाज सर्वांत रोडावेल तेथवर तो हळूहळू सरकवावा, आणि मग दिशा पुन्हा सरळ करावी.

आता कोणी म्हणतील, आज संगणकात कर्ण्याची हुबेहूब नक्कल मिळते, मग हा खटाटोप कशाला? मिळते खरी. परंतु अशा बहुतेक नकलाही कोणीतरी खऱ्या कर्ण्यासमोर मायक्रोफोन ठेवूनच मापलेल्या असतात. जागा त्याने निवडली, एवढेच.

खरी पंचाईत वादकाची होते. ॲम्प्लिफायर जमिनीवर असतो. त्याचा मारा गुडघ्यांवर, आणि कान तर बरेच वर. म्हणून वादकाने आयुष्यभर ऐकलेला आपला आवाज मवाळ असतो. टोपीसमोरचे मुद्रण ऐकताच तो कळवळून म्हणतो, "हा मी नव्हे!" आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. तेव्हा आम्ही त्याला वाजवीत ठेवतो, एक जण मायक्रोफोन बोटाबोटाने कडेकडे सरकवतो, दुसरा बंद दारापलीकडे ऐकतो; आणि वादकाने ऐकून मान डोलावली, की जाळीवर चिकटपट्टीची खूण करून मुद्रण सुरू करतो.