नकार लेखी हवा

मराठी कादंबरीचा इतिहास छापलेल्या कादंबऱ्यांवरून लिहिला गेला आहे. न छापलेल्यांचा, उशिरा छापलेल्यांचा आणि दारोदार फिरून अखेर कुठेतरी टेकलेल्यांचा इतिहास लिहायला साधनेच नाहीत, कारण ज्यांनी हस्तलिखिते परत केली त्यांनी कारणे लिहून ठेवली नाहीत. हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती पडल्यापासून पुस्तक वाचकाच्या हाती पडेपर्यंतचा रस्ता लांब असतो. त्या रस्त्यावर कादंबरीकाराला सर्वांत जास्त मारतो तो उत्तर न मिळण्याचा काळ. एका अध्यक्षाला व्यासपीठ एकदाच मिळते. म्हणून या भाषणाचा विषय भाषेचे भवितव्य नाही, अभिजात दर्जा नाही. प्रकाशकाने न पाठवलेले पत्र हाच आजचा विषय आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः येऊ लागली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच वाचकांपुढे गेली. वामन मल्हार जोश्यांची ‘रागिणी’ काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने चालवली. कादंबरी पुरी होण्याआधीच तिची प्रकरणे घरोघर वाचली जात, त्यांवर बोलले जाई, आणि लेखकाला आपण कुठे उभे आहोत हे अंकागणिक कळत असे. आजचा कादंबरीकार चारशे पाने एकट्याने लिहितो, दोनदा पुन्हा लिहितो आणि मगच पहिल्या परक्या माणसाच्या हाती देतो. त्या पहिल्या परक्या माणसाची जबाबदारी त्यामुळे कितीतरी वाढलेली आहे.

नकाराची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ही हकिकत आज माहीत आहे ती कमिटीच्या दप्तरामुळे नव्हे. फुल्यांनी स्वतः ती ‘गुलामगिरी’त नोंदवली म्हणून. नाटक छापून आले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’च्या अंकात. लिहिले गेल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. मराठी नाटकाचा आरंभ कुठून मोजायचा यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले; त्या वादांत ज्याचा आधी विचार व्हायला हवा होता ते बाड छापखान्यात पोचलेलेच नव्हते.

याच फुल्यांनी नकार कसा द्यावा हेही दाखवून दिले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांना १८८५ मध्ये आले. आजची सर्व संमेलने त्याच सभेची वंशज आहेत. फुल्यांनी यायचे नाकारले, पण गप्प राहून नाही. पत्र लिहिले, खाली नाव घातले, कारणे दिली: ज्या सभा बहुजनांच्या हक्कांचा विचार करत नाहीत त्यांच्याशी शूद्रातिशूद्रांच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापले गेले. त्यानंतर संमेलनांच्या मांडवांत शेकडो भाषणे झाली. त्यांतली किती टिकली हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे. नकाराचे ते पत्र टिकले आहे आणि आजही उत्तर मागते आहे.

पुढचा काळ प्रकाशकांचा. त्यांच्यातल्या चांगल्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ह. वि. मोट्यांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ छापले तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव कोणाचे, याचा शोध सुरू झाला. मोट्यांनी तोंड उघडले नाही. याच मोट्यांनी पुढे ‘विश्रब्ध शारदा’चे खंड काढून मराठी माणसांचा पत्रव्यवहार जमा केला. प्रकाशकाच्या घरात पुस्तकांइतकीच पत्रेही मोलाची असतात हे कळलेला हा माणूस होता. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांकडून आग्रहाने कादंबरी मागून घेतली आणि १९६३ मध्ये ‘कोसला’ आली. प्रकाशक वाट पाहणारा आहे हे लेखकाला माहीत असणे, ही किती मोठी शक्ती असते याचा त्याहून वेगळा पुरावा नको.

गिरगावातल्या खटाववाडीचा, म्हणजे ‘सत्यकथा’ मासिकाच्या घराचा, उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘सत्यकथा’वर या सभागृहात दोन तट आहेत आणि ते तसेच राहतील. १९६९ मध्ये तिच्या अंकाची होळी करणाऱ्यांचा आरोप खरा होता: दार अरुंद होते, आणि कोणाच्या भाषेला आत प्रवेश आहे हे आधीच ठरलेले होते. पण तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्र लिहीत, हेही तितकेच खरे. कथा कुठे सैल पडते, कोणता परिच्छेद काढला तर शेवट उभा राहील, कोणते पात्र लेखकाला अजून दिसलेले नाही, असे ते सांगत. ते पटले नाही तर लेखक भांडू शकत असे. ज्याच्याशी भांडता येते असा संपादक लेखकाला लागतो. होळी करणाऱ्यांनाही जाळायला छापील कागद मिळाला होता, मत मिळाले होते. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. तिच्यासोबत तिचे अरुंद दार गेले, याचे दुःख करण्याचे कारण नाही. लेखी अभिप्रायाची सवयही गेली, आणि तिची जागा कोणी घेतली नाही.

बाहेरच्या भाषांमध्ये पाहिले तर या सवयीची किंमत कळते. म्हैसूरच्या आर. के. नारायण यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चे हस्तलिखित इंग्लंडला पाठवले. एकामागून एक प्रकाशक ते परत करत गेले. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या मित्राला त्यांनी अखेर कळवले, की आता बाडाला दगड बांध आणि टेम्समध्ये सोड. मित्राने ते ग्रॅहम ग्रीनला वाचायला दिले. ग्रीनने हॅमिश हॅमिल्टनकडे शब्द टाकला आणि १९३५ मध्ये कादंबरी आली. गोष्ट इथे संपवण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रत्यक्षात खडतर भाग इथून पुढे आहे. पुस्तक खपले नाही आणि हॅमिल्टनने पुढचे घेतले नाही. दुसरी कादंबरी १९३७ मध्ये नेल्सनने, तिसरी १९३८ मध्ये मॅकमिलनने काढली. तीन पुस्तके, तीन प्रकाशक. महायुद्धात इंग्लंडचा रस्ता बंद झाल्यावर नारायण यांनी १९४२ मध्ये म्हैसुरात स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ‘द गाइड’ला १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोवर पहिल्या कादंबरीला पंचवीस वर्षे झाली होती. पहिले पुस्तक निघाले म्हणजे लेखक पोचला, हा समज ज्या नवोदितांना सत्कार समारंभांतून दिला जातो त्यांना हा हिशेब कोणीतरी सांगायला हवा. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ही १९ प्रकाशकांनी परत केली आणि १९३५ मध्येच, ई. एम. फॉर्स्टरच्या प्रस्तावनेसह, विशार्टने छापली.

इटलीतल्या ज्युझेप्पे तोमासी दी लाम्पेदुसाचे प्रकरण याहून कठोर आहे. त्याची ‘इल गात्तोपार्दो’ मोंदादोरीने नाकारली. मग एइनाउदीकडून एलिओ व्हित्तोरिनीचे नकारपत्र आले. ते पोचले १९५७च्या जुलैत, आणि त्याच महिन्यात लाम्पेदुसा वारला. पुढच्या वर्षी जॉर्जो बास्सानीने ती फेल्त्रिनेल्लीतर्फे छापवली आणि १९५९ मध्ये तिला स्त्रेगा पुरस्कार मिळाला. मार्सेल प्रूस्तच्या पहिल्या खंडाला पॅरिसमध्ये नकार मिळत गेले. १९१३ मध्ये ग्रासेने तो छापला, पण लेखकाच्या खर्चाने. नाकारणाऱ्यांत आंद्रे जीद होता. १९१४च्या आरंभी त्याने प्रूस्तला पत्र लिहून आपली चूक कबूल केली.

व्हित्तोरिनी चुकला हे आज इटलीतल्या विद्यार्थ्यालाही माहीत आहे, कारण त्याच्या सहीचे पत्र शिल्लक आहे. जीदची क्षमायाचना माहीत आहे, कारण तीही लेखी आहे. लेखी नकार देणारा स्वतःला पुढच्या पिढ्यांच्या हवाली करतो. तिथेच आपल्याकडच्या मौनाचे मूळ आहे. वेळ नाही, माणसे नाहीत, बाडे फार येतात, ही कारणे सांगितली जातात, आणि त्यांत तथ्यही आहे. पण ज्यांना वेळ आहे, माणसे आहेत, वातानुकूलित कचेऱ्या आहेत, तेही लिहीत नाहीत. उद्या ती कादंबरी दुसरीकडून निघून गाजली तर आपली सही कुठे सापडू नये, एवढीच त्यामागची काळजी असते.

प्रस्तुत अध्यक्षाच्या पहिल्या कादंबरीचे बाड एका नामवंत प्रकाशनाकडे गेले होते, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. फुलस्केप कागद, एका बाजूला लिहिलेला, डावीकडे समास सोडलेला. गठ्ठा बांधला होता तो कादंबरीकाराच्या आईने, गोधडी शिवायच्या दोऱ्याने, तिच्या पद्धतीच्या दुहेरी गाठीने. सोबत परतीची तिकिटे. रजिस्टरची पोचपावती आली. त्यानंतर काही नाही. विचारायला गेल्यावर ‘वाचन चालू आहे’ हे उत्तर मिळे. दोन पावसाळे गेल्यावर काउंटरवरच्या माणसाने गठ्ठा आतून आणून दिला. दोरा तोच होता आणि दुहेरी गाठही तीच. आईने ती घरी हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता सोडवली. ती कादंबरी पुढे जिल्ह्याच्या गावच्या एका छापखानदाराने काढली. त्याने प्रत्येक पान वाचले होते, कारण खिळे जुळवायचे काम तो स्वतःच करत असे. बाविसाव्या प्रकरणात नायिकेचे वय दोन वर्षांनी चुकले आहे, हे त्यानेच दाखवले. अशा छापखानदारांवर, तालुक्याच्या गावी पदरमोड करून पुस्तके काढणाऱ्यांवर, लघुनियतकालिके चालवणाऱ्यांवर या भाषणातला एकही शब्द नाही. ते वाचतात.

आज मौनाच्या जोडीला दुसरा रोग आला आहे. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघे. आता मागणीप्रमाणे थोड्या थोड्या प्रती छापता येतात. यंत्राने केलेली ही सोय चांगली आहे. तिचा उपयोग मात्र असा होतो, की हस्तलिखित गेल्यावर आठवडाभरात फोन येतो, आणि फोनवर कादंबरीविषयी अवाक्षर नसते. पृष्ठसंख्या विचारली जाते, रक्कम सांगितली जाते, आणि इतक्या प्रती लेखकाने विकत घ्याव्यात असे कळवले जाते. निवृत्त शिक्षकाची भविष्यनिर्वाहाची रक्कम अशी जाते, शेतकऱ्याच्या मुलीची पहिली बचत अशी जाते. प्रूस्तनेही पैसे भरले होते, हे उदाहरण अशा वेळी पुढे केले जाते. प्रूस्त श्रीमंत होता, आणि त्याला आधी नकार मिळाले होते. इथे नकारही मिळत नाही आणि होकारही मिळत नाही; मिळते ती पावती. मुद्रितशोधन लेखकानेच करायचे, मुखपृष्ठ भाच्याने काढायचे, प्रकाशन समारंभाचा हार लेखकानेच आणायचा, आणि कादंबरी चांगली आहे की वाईट हे अखेरपर्यंत कोणी सांगायचे नाही.

मागच्या संमेलनात याच विषयावर बोलू नये असा निरोप देणारे आज पहिल्या दोन रांगांत आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. पुरस्कार समित्यांवर बसायला त्यांना वेळ मिळतो, परदेशातल्या मेळाव्यांना जायला मिळतो, आणि मराठीला वाचक उरला नाही म्हणून व्यासपीठावर गहिवरायलाही मिळतो. आपल्याकडे आलेल्या हस्तलिखिताचा वाचक आपणच असतो, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

मागणी पुढीलप्रमाणे आहे. हस्तलिखिताची पोच पंधरा दिवसांत द्यावी. सहा महिन्यांत होकार किंवा नकार लेखी द्यावा. नकारात किमान तीन वाक्ये त्याच कादंबरीविषयी असावीत, आणि खाली वाचणाऱ्याची सही असावी. पैसे घेऊन छापलेल्या पुस्तकावर तसे छापावे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतील प्रत्येक अर्जदाराला, अनुदान मिळो न मिळो, परीक्षकाचा पूर्ण अभिप्राय पोचावा. जे प्रकाशक हे पाळणार नाहीत त्यांची पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांनी अनुदानाच्या पैशातून घेऊ नयेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली आलेली ग्रंथालये गावोगाव आहेत. त्यांचे चालक एकत्र आले तर कोणत्याही प्रकाशकाला महिनाभरात पोस्टकार्ड लिहिता येऊ लागेल.

आणखी एक गोष्ट उरते. १९५४च्या कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांत जमा करावी लागते. नाकारलेल्या हस्तलिखिताची नोंद करणारी एकही जागा नाही. ती मराठीने करावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून. अशा संस्थांनी नोंदवही उघडावी. लेखकाचे नाव, कादंबरीचे नाव, कोणाकडे पाठवली, केव्हा, उत्तर काय आले, न आल्यास तसे, आणि लेखकाची इच्छा असल्यास हस्तलिखिताची एक प्रत. बंद पडणाऱ्या प्रकाशनसंस्थांचा पत्रव्यवहार रद्दीत जाण्याआधी त्याच संस्थांनी ताब्यात घ्यावा. या आशयाचा ठराव आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात मांडला जाईल. सूचक आणि अनुमोदक ठरलेले आहेत. पाठिंब्याच्या सह्यांचे कागद ग्रंथप्रदर्शनाच्या प्रवेशद्वाराशी ठेवले आहेत.