वादळानंतरचे दान



आपद्ग्रस्तांस कोणते दान द्यावे, याचा विचार या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी करणे आम्हांस उचित वाटते. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका या चिमुकल्या बेटावर १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री 'मारिया' नामक चक्रीवादळ कोसळले. सुमारे ९० टक्के छपरांची हानी झाली. पंतप्रधानांच्या घराचे छप्परही वाचले नाही.

बाहेरून अन्नवस्त्रे आली, हे योग्यच झाले. भुकेल्यास प्रथम भाकर. परंतु भाकर सरते. म्हणून तेथील सुतार-गवंड्यांस भक्कम बांधणीचे शिक्षणही देण्यात आले. तुफानी वारा छप्पर दाबीत नाही, उचलतो. यास्तव वाशास नुसता खिळा पुरत नाही, तो लोखंडी पट्टीने भिंतीशी जखडावा लागतो. ही विद्या ज्याच्या हाती आली, तो आपले घर सावरतो, शेजाऱ्याचे उभारतो व कष्टाची मजुरी मिळवितो. तो याचक राहत नाही.

संत योसेफही सुतारच होते. तेव्हा आपल्या दानातील काही भाग धान्याकरिता, तसाच काही हत्यारे व शिक्षण यांकरिता राखावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आज घेणारा उद्या देणारा व्हावा, यातच दानाचे सार्थक आहे.