विजारीची दुमड आणि नऊवारी लुगडे

लढाईच्या बातम्या कानांवर येतात. तिची झळ मात्र थेट शिंप्याच्या कातरीपर्यंत पोचते. 1 जून 1941 रोजी इंग्लंडात कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पुढल्या वर्षी पुरुषांच्या सुटावरच गदा आली. दुहेरी बटनांचा कोट बंद, खिसे मोजके, आणि विजारीच्या पायाची दुमड तर साफ मना! साहेबाला ही दुमड फार लागली. काही जण लांब विजार विकत घेत नि घरी गुपचूप दुमडून शिवत. अखेर 1944 साली सुटावरचे हे निर्बंध उठले.

आता आपल्या पंढरपूर तालुक्यातल्या करकंबाकडे या. इथे सूट कुणाच्या अंगावर? धोतर, सदरा, नऊवारी लुगडे! धोतराला ना खिसा, ना दुमड. कापायचे काय?

आपल्याकडे जून 1943 मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. गिरणीच्या कापडावर किमतीचा छाप आला. पण छापाचा भाव एक, काळ्या बाजारातला दुसरा! सोलापूरच्या गिरण्या हाकेच्या अंतरावर. तरी लष्कराची मागणी आधी. 1948 च्या आरंभी नियंत्रण उठले, भाव भडकले, नि त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले.

दुमड गेली, तरी साहेब अंगभर कपड्यानिशी बाहेर पडला. जिच्यापाशी धड लुगडे एकच, तिने मात्र अर्धे नेसावे नि अर्धे वाळवावे. काटकसर सर्वांनीच करावी, हे खरे. पण ज्याच्यापाशी मुळात दुमडच नाही, त्याच्याकडे कातर नेताना हात जरा थबकावा, नाही का?